निसर्गलेखन आणि नावाची जबाबदारी

पाठीवर सामान घेऊन केलेल्या रानभटकंतीच्या लेखनाची मराठी समीक्षेने सोयीस्कर विभागणी केली आहे. भाषा रसाळ असेल तर ते 'ललित', नोंदी अधिक असतील तर 'माहितीपर'. या विभागणीत एक मूलभूत प्रश्न टाळला जातो. अशा लेखनात पक्ष्याचे वा फुलाचे नाव चुकले, तर तो केवळ माहितीचा दोष की वाङ्मयीन दोषही? साहित्यकृतीला लौकिक सत्याचे निकष लागत नाहीत, ही अलौकिकतावादी भूमिका कवितेसंदर्भात बळकट वाटते. मेळघाटावरील लेखनापुढे मात्र ती डळमळते.

रानपिंगळ्याचे उदाहरण घेऊ. 1873 मध्ये ह्यूमने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. 1884 नंतर त्याची विश्वसनीय नोंद उरली नाही. माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र गुजरातेतील मांडवी व 1914 असा उल्लेख होता. तो नमुना जुन्या संग्रहातून चोरलेला आणि चिठ्ठी बनावट होती, हे पुढे उघड झाले. ती नोंद बाजूला ठेवून शोध घेतल्यावर 1997 मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला; नंतर मेळघाटातही आढळला. माथ्यावर ठळक ठिपके असलेला नेहमीचा पिंगळा आणि दिवसा वावरणारा, जवळजवळ बिनठिपक्यांच्या माथ्याचा रानपिंगळा यांतील भेद न पाहणारा लेखक दोघांनाही 'घुबड' म्हणून मोकळा होतो. तेथे त्याचा अनुभवच अपुरा असतो, आणि अपुऱ्या अनुभवाची भरपाई शैली करू शकत नाही.

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या पठारावरून सेमाडोहकडे उतरणाऱ्या वाटेचे वर्णन 'रंगीबेरंगी रानफुले' या शब्दांत उरकले जाते, तेव्हाही हेच घडते. तेरडा, रानहळद, कळलावी ही नावे शोभेसाठी नाहीत. 'कळलावी' या एका नावात प्रसूतीच्या कळांशी जोडलेले औषध आणि घरात कळ लावणारी वनस्पती हा लोकसमज, दोन्ही साठले आहेत. कोरकू भाषेत 'सिपना' म्हणजे साग. हे न जाणणाऱ्या मराठी लेखकाच्या लेखी सिपना नदीचे नाव निव्वळ नाद उरते. मुंडा कुळातील ही भाषा बोलणारा माणूस आपल्या भटकंतीवृत्तात बहुधा वाटाड्या म्हणूनच येतो, जाणकार म्हणून नव्हे.

मारुती चितमपल्ली (1932–2025) यांचे मोठेपण येथे जाणवते. वनसेवेत मेळघाटातही वावरलेल्या या लेखकाने वनवासींकडून शब्द घेतले, त्यांना मराठीत रुजवले आणि 'पक्षिकोशा'सारखे काम उभे केले. मात्र त्यांच्या गद्यात पाहिलेले आणि ऐकलेले यांतील सीमा कित्येकदा पुसट होते. लोककथेची अद्भुतता आणि निरीक्षणाची नोंद एकाच स्वरात येतात, आणि कशावर कोणत्या अर्थाने विश्वास ठेवावा हे वाचकाला ठरवता येत नाही. आदरापोटी समीक्षेने हा प्रश्न पुरेसा विचारला नाही.

केवळ नावांची यादी म्हणजे साहित्य नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. नाव पाहणाऱ्याच्या जाणिवेशी आणि स्थळाशी जोडले गेले पाहिजे. परंतु नावच खोटे असेल, तर जोडण्यासारखे काही उरत नाही. म्हणून निसर्गलेखनापुरता तरी तथ्याचा निकष वाङ्मयबाह्य मानता येणार नाही. तो त्या लेखनाच्या रूपाचाच भाग आहे.