ज्योत्स्ना भोळे : पदातील बोलणे

ज्योत्स्नाबाई भोळे ५ ऑगस्ट २००१ रोजी निवर्तल्या. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे लिहिले व बोलले गेले आहे, त्याचा सूर बहुधा एकच असतो : गोड गळा, शालीन वावर आणि ‘बोला अमृत बोला’. यात खोटे काहीच नाही. परंतु रंगभूमीवर गाणाऱ्या नटीचे स्मरण तिच्या गळ्याच्या गोडीपाशीच थांबले, तर ती नाटकात कशासाठी उभी होती, हा प्रश्न तसाच राहतो. आम्हां बाहेरगावच्या मराठी मंडळींनी तर तो अवश्य विचारला पाहिजे. बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड फिरते असते; नाटक काही सामानाबरोबर बांधून नेता येत नाही, तबकडी नेता येते. त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळांच्या ज्योत्स्नाबाई या तबकडीतल्या आणि आकाशवाणीवरच्या ज्योत्स्नाबाई आहेत. त्या तेवढ्याच होत्या असा समज मात्र होऊ नये.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी नाटक गातच वाढले. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांच्या काळात हे गाणे ऐश्वर्यास पोहोचले. बालगंधर्वांचे पद म्हणजे नाटकाच्या पोटात उघडलेली एक मैफलच असे. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत, पद पुन्हा सुरू होई, आणि कथानक विंगेत हात जोडून उभे राही. त्या आनंदाची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसा गळा असल्यावर कथानकाने थांबावेच. पण गळा तसा नसताना रीत मात्र तीच चालू राहिली, आणि तिथे नाटकही गेले व गाणेही गेले. १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि नाटक मंडळ्यांच्या तंबूचे खांब एकामागून एक निखळू लागले.

अशा पडत्या काळात, १ जुलै १९३३ रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिले होते. त्यात बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई होत्या. वय अवघे एकोणीस. गोव्यातील बांदिवड्याच्या केळेकर घराण्यातली ही मुलगी. मूळ नाव दुर्गा, जन्म १९१४ चा. गळ्यावर आग्रा घराण्याच्या तालमीचे संस्कार झालेले, आणि वर्षभरापूर्वीच केशवराव भोळे यांच्याशी विवाह झालेला. नाटकाचे संगीतही केशवरावांचेच. पुढे प्रभातच्या ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ या चित्रपटांना संगीत देणारे केशवराव ते हेच. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, खोलीत चार माणसे बोलतात तसे रंगभूमीवर बोलावे, आणि पदे मोजकीच असावीत, असा तो एकंदर बेत होता. हिराबाई बडोदेकर त्यापूर्वीच रंगभूमीवर येऊन गेल्या होत्या, तेव्हा स्त्रीने रंगभूमीवर गाणे ही नवलाई नव्हती. नवलाई होती ती स्त्रीने रंगभूमीवर घरातल्यासारखे गाण्याची.

हे ‘घरातल्यासारखे’ गाणे दिसते तितके सोपे नाही. बोलता बोलता गाऊ लागायचे म्हणजे बोलण्याचा स्वर आणि गाण्याचा स्वर यांमध्ये पायरी लागता कामा नये. तालमीच्या गायिकेला नेमकी ही पायरीच हवी असते. तीवर उभी राहून ती आवाज लावते, षड्ज भरते, मग पुढे निघते. ज्योत्स्नाबाईंनी तालीम गाठीशी असूनही ही पायरी काढून टाकली. त्यांच्या गाण्यात शब्दाचा आघात बोलण्यात जिथे पडतो तिथेच पडतो. मुरकी येते ती शब्दाच्या अंगावरून जाते, शब्दाला बाजूला सारून नव्हे. ताना न घेण्यात कसले कौतुक, असे कोणी विचारील. ज्याला येत नाही त्याने न घेण्यात कौतुक नाहीच. ज्याला येते त्याने हात आखडावा आणि श्रोत्यास उणीव भासू नये, यात मात्र आहे.

या गुणाची खरी परीक्षा झाली ती १९४२ साली, ‘कुलवधू’मध्ये. मो. ग. रांगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था तेव्हा नवीन होती. घटना घरगुती, संवाद खटकेबाज आणि खेळ आटोपशीर, असा त्यांचा खाक्या. ज्योत्स्नाबाईंची भानुमती ही बोलपटात काम करणारी विवाहित स्त्री. तिच्यावर इब्सेनच्या नोराची सावली आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. संगीत मास्तर कृष्णरावांचे. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य गंधर्व मंडळीच्या मैफली नाटकात मुरलेले होते. त्यांनीच अशा आखूड, आटीव चाली बांधाव्यात, याची गंमत वाटते. जुने गाणे ज्याच्या घरचे, त्यालाच ते कुठे कातरावे हे कळते, असेच म्हणावे लागेल.

‘बोला अमृत बोला’ हे पद भैरवीत आहे. भैरवी ही मैफलीच्या निरोपाची रागिणी. इथे तिच्याकडून निरोप न घेता विनवणी करून घेतली आहे. या पदाचा कणा म्हणजे ‘बोला’ हे आज्ञार्थी क्रियापद. समोर कोणी असल्यावाचून त्या क्रियापदास अर्थच नाही. ज्योत्स्नाबाई प्रत्येक आवर्तनात ‘बोला’ निराळ्या वजनाने टाकतात : एकदा आर्जवाने, एकदा किंचित लाडाने. हे ऐकताना आम्हांला नेहमी वाटते की, हे गाणे मुळी आमच्याकरिता नाहीच. ते समोरच्या माणसाला उद्देशून आहे, आणि आम्ही केवळ कान देऊन ऐकत आहोत.

तबकडीने केलेली फसगत इथेच आहे. बालगंधर्वांचे पद त्या काळच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर ऐकताना आपल्याला पक्के ठाऊक असते की, हा तुकडा आहे, रंगभूमीवर हे याच्या कितीतरी पट चालत असे. ज्योत्स्नाबाईंचे पद तबकडीत सबंध मावल्यासारखे वाटते, आणि म्हणून त्यातून काही गळले असेल, असा संशयही येत नाही. गळलेले असते ते पदाच्या आधीचे वाक्य, नंतरचे वाक्य आणि ज्याला ‘बोला’ म्हटले तो माणूस. अपुरेपणा दिसतो तिथे कल्पना धावते. इथे तो दिसतच नाही, म्हणून आपण स्वस्थ बसतो आणि ‘काय गोड गळा!’ एवढे म्हणून मोकळे होतो.

याचा परिणाम आम्ही आमच्या मंडळांच्या गणेशोत्सवांतून पाहत आलो आहोत. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात हे पद हटकून असतेच. गाणारी मुले-मुली मेहनती असतात, तबलजीही चोख असतो. पण भैरवी म्हणून ते अखेरीस ठेवतात, आलापांनी सजवतात, मध्ये सरगम घालतात, आणि टाळ्या पडल्या की पुन्हा मुखड्यावर येतात. ज्या रीतीतून ज्योत्स्नाबाईंनी पद सोडवून आणले, त्याच रीतीत ते त्यांच्या नावाने परत नेऊन बसवायचे, ही श्रद्धांजली आम्हांस मानवत नाही. गाणाऱ्यांस दोष द्यावा असे नाही. त्यांनी नाटक पाहिलेले नाही, आणि बहुतेक श्रोत्यांनीही नाही.

बाईंच्या पुढल्या कामगिरीविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही. ‘भूमिकन्या सीता’ मात्र दिल्लीकरांना जवळचे वाटावे. त्याचे लेखक मामा वरेरकर १९५६ पासून राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सभासद होते. ‘आराधना’ हे नाटक बाईंनी स्वतःच लिहिले. गाणारी नटी नाटक लिहायला बसते, याचे आम्हांस नवल वाटत नाही; वाक्य कुठे संपते आणि पद कुठे सुरू व्हावे, याचा विचार तिने आयुष्यभर केला होता. पुण्यास हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तिथे नाटकांचे प्रयोग होतात, ही गोष्ट आम्हांस योग्य वाटते.

आमची सूचना लहानशी आहे. ‘कुलवधू’चे पुस्तक ज्या मंडळाच्या कपाटात असेल, त्याने येत्या उत्सवात ते बाहेर काढावे. पदाआधीचा प्रवेश दोन-तीन सभासदांनी नुसता वाचून दाखवावा, पेटीवाल्याने सूर धरून ठेवावा, आणि वाचणाऱ्या बाईंनीच, जागेवरून न उठता, पहिला ‘बोला’ म्हणावा.