उंबरठ्यावरचे अवधान : सिमॉन वेल यांच्या विरोधाभासाविषयी

संघटित धर्मापासून दुरावलेल्या, परंतु अध्यात्माची ओढ न सुटलेल्या वाचकवर्गाला ख्रिस्ती परंपरेतील विरोधाभासांचे मोठे आकर्षण वाटत आले आहे. देव अनुपस्थित राहूनच उपस्थित असतो, गमावण्यातच प्राप्ती आहे, अशी विधाने कोणत्याही पंथाचे सभासदत्व न मागता मनाला दिलासा देतात. या वर्गात फ्रेंच तत्त्वचिंतक सिमॉन वेल (१९०९-१९४३) यांचे ग्रंथ विशेष आदराने वाचले जातात. आमच्या मते मात्र वेल यांचा विरोधाभास दिलाशासाठी नाहीच. ती एक कठोर शिस्त आहे, आणि तिचे मोल व मर्यादा या दोहोंची तपासणी झाली पाहिजे.

वेल यांचा जन्म पॅरिसमधील, धर्माचरण न करणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनातून रजा घेऊन १९३४-३५ मध्ये त्यांनी कारखान्यांत मजुरी केली. १९३८ च्या ईस्टरपर्वात सोलेमच्या मठात, तीव्र डोकेदुखी सोसत प्रार्थनागायन ऐकताना, ख्रिस्ताच्या यातनांचा अर्थ त्यांच्या मनात उतरला. पुढे मार्सेय येथे डोमिनिकन धर्मगुरू पेरँ यांच्याशी त्यांचा दीर्घ संवाद झाला. तरीही त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला नाही. विरुद्ध मताच्या माणसाला शापवाणीने बाहेर काढणारी संस्था सर्वांची कशी म्हणावी, हा त्यांचा आक्षेप होता. ख्रिस्तावर प्रेम करायचे आणि ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांच्यासह उंबरठ्यावरच थांबायचे, हा विरोधाभास त्या प्रथम जगल्या. ‘देवाची प्रतीक्षा’ हे त्यांचे पत्र-निबंधांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

‘गुरुत्व आणि कृपा’ (१९४७) या ग्रंथाविषयी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. वेल यांच्या टिपणवह्यांतील वेचे निवडून त्यांची विषयवार मांडणी गुस्ताव तिबाँ यांनी केली. त्यामुळे शोधाच्या वाटेवरची विधाने सुभाषितांसारखी भासतात. वस्तुतः वेल यांच्या लेखी प्रत्येक विसंगती पवित्र नाही. दोन्ही बाजू बुद्धीने कसून तपासाव्यात. दोन्ही सोडता येत नाहीत आणि जुळवताही येत नाहीत असे ठरल्यावरच तो अंतर्विरोध साधनेस योग्य होतो. त्यासमोर उत्तराची घाई न करता थांबणे म्हणजे अवधान. त्यांनी झेन परंपरेतील कोआनांचाही विचार केला होता, हे येथे अर्थपूर्ण ठरते. कोआनही बुद्धी टाळून सुटत नाही. बुद्धी थकेपर्यंत राबवावी लागते.

साम्य येथवर आहे. वेल यांची रिक्तता कृपेच्या आगमनासाठी राखलेली जागा आहे. नागार्जुनांची शून्यता अशी जागा नव्हे. सर्व वस्तूंचे प्रतीत्यसमुत्पन्न स्वरूप हाच तिचा अर्थ. शिवाय शून्यतेलाच जो दृष्टी करून धरतो तो असाध्य होय, असा इशारा ‘मूलमध्यमककारिके’त आहे. विरोधाभासाला ठेव्यासारखे जपणाऱ्या वाचकालाही तो तितकाच लागू पडतो.

खरा मतभेद दुःखाविषयी आहे. देह, मन आणि सामाजिक प्रतिष्ठा ही तिन्ही एकदम मोडणाऱ्या विपत्तीचे वेल यांनी केलेले विश्लेषण विसाव्या शतकात विरळाच आढळते. कारखान्यातील गुलामीचा अनुभव त्यामागे उभा आहे. परंतु ही विपत्ती क्रूसाच्या सान्निध्याचे स्थान होते तेव्हा आम्ही थबकतो. वेल यांनी स्वतः शोषणाचा निषेधच केला, हे खरे. तथापि तो निषेध वगळून केवळ विरोधाभास उचलला, तर पीडिताच्या पीडेलाच भूषण मानण्याचा धोका उरतो. दुःखाची ओळख आणि दुःखाचे निवारण हा धम्माचा पाया असल्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात मांडले. यातील दुसरा शब्द गळाला की पहिला निर्दय होतो.

वेल यांचा अंत याच संदर्भात पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये क्षयाने आजारी असताना, व्याप्त फ्रान्समधील देशबांधवांच्या वाट्याहून अधिक अन्न घेणे त्यांनी नाकारले. २४ ऑगस्ट १९४३ रोजी ॲशफर्ड येथे, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्या निवर्तल्या. त्या त्यागामागील करुणेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण उपवासाने कृश झालेल्या सिद्धार्थाने अन्न स्वीकारले, कारण देह झिजवून मुक्ती लाभत नाही हे त्याने अनुभवाने जाणले होते. मध्यम मार्ग तेथूनच सुरू होतो.

म्हणून संस्थेबाहेर राहून शोध घेणाऱ्यांनी वेल अवश्य वाचाव्यात. आश्रयासाठी नव्हे, तर अवधान शिकण्यासाठी. अंतर्विरोधासमोर प्रामाणिकपणे थांबावे. परंतु समोर कुणी भुकेला असेल तर आधी त्याला अन्न द्यावे, आणि स्वतःही जेवावे.