टेबलावरचा वेगवर्धक आणि न सांगितलेले आकडे

लेसर आणि प्लाझ्मा यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा देणाऱ्या यंत्रांविषयी गेली वीस वर्षे अधूनमधून लेख येत असतात. बहुतेकांची मांडणी ठरलेली असते. आधी काही किलोमीटर लांबीच्या वेगवर्धकाचे वर्णन, मग तळहातावर मावेल अशी एक नळी, आणि शेवटी किलोमीटरांचे काम आता सेंटिमीटरांत होणार असे आश्वासन. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. जिथे ते अपुरे पडते, नेमके तिथेच या विषयातले अवघड आणि शिकण्याजोगे विज्ञान आहे. म्हणून या लेखात आम्ही या क्षेत्रातले काही गाजलेले शोधनिबंध आणि त्यांच्याविषयीचे लिखाण तपासून पाहणार आहोत. तपासणीची कसोटी एकच ठेवू : या झोतापासून कामाचा प्रकाश मिळवायचा असेल, तर झोताविषयी काय काय माहीत असायला हवे?

मूळ कल्पना

नेहमीच्या वेगवर्धकात धातूच्या पोकळ्यांमध्ये रेडिओलहरी सोडतात आणि त्यांच्या विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन पुढे ढकलले जातात. क्षेत्र फार वाढवले तर पोकळीच्या पृष्ठभागावर ठिणग्या पडतात. त्यामुळे दर मीटरला काही कोटी व्होल्ट, फार तर दहा कोटींच्या आसपास, एवढीच मजल मारता येते. ऊर्जा जास्त हवी तर यंत्र लांब करावे लागते. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ २०१७ साली सुरू झालेल्या युरोपियन एक्स-रे फ्री इलेक्ट्रॉन लेसरचा वेगवर्धक म्हणूनच १.७ किलोमीटर लांब आहे.

१९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी वेगळी वाट सुचवली. प्लाझ्मातील अणूंमधून इलेक्ट्रॉन आधीच सुटे झालेले असतात. त्यामुळे ठिणगी पडून बिघडण्यासारखे तिथे काही नसते. अशा प्लाझ्मातून लेसरचा अत्यंत आखूड आणि तीव्र स्पंद पाठवला, तर तो वाटेतले इलेक्ट्रॉन बाजूला सारतो आणि होडीमागे लाट उठावी तशी त्याच्यामागे विद्युतक्षेत्राची लाट उठते. एका घन सेंटिमीटरमध्ये १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील, तर या लाटेतले क्षेत्र मीटरला शंभर अब्ज व्होल्टच्या घरात जाते. म्हणजे नेहमीच्या यंत्राच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त. एका सेंटिमीटरमध्ये अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळू शकेल, असे त्यांचे गणित होते. तेवढे तीव्र आणि आखूड स्पंद देणारे लेसर डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांच्या १९८५ सालच्या तंत्रामुळे हाताशी आले. त्याच कामासाठी २०१८ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

प्रकाशाला काय लागते?

इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश मिळवण्यासाठी अनड्युलेटर नावाची रचना वापरतात. उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतील अशा चुंबकांच्या दोन रांगांमधून झोत जातो, नागमोडी वळतो आणि प्रकाश बाहेर टाकतो. या प्रकाशाची तरंगलांबी इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. हिशेब अकरावी-बारावीच्या मुलांना जमेल असा आहे. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा ४९ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर ती त्याच्या स्थिर ऊर्जेच्या (५.११ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) सुमारे ९५९ पट झाली. चुंबकांचे एक आवर्तन अडीच सेंटिमीटरचे धरले, तर त्याला ९५९ च्या वर्गाच्या दुपटीने भागायचे. उत्तर सुमारे १३.६ नॅनोमीटर येते. चुंबकांच्या ताकदीप्रमाणे ते आणखी काही पट वाढते.

आता याच सूत्राकडे चुकीच्या अंगाने पाहू. ऊर्जेत १ टक्का फरक पडला तर तरंगलांबीत २ टक्के फरक पडतो. एकाच पुंजक्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा वेगवेगळ्या असतील तर रंग पसरतो. एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंत सरासरी ऊर्जा हलली तर रंगच बदलतो. फ्री इलेक्ट्रॉन लेसरची अट तर याहून कडक आहे. तिथे इलेक्ट्रॉनांनी प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या अंतराने थरांमध्ये गोळा व्हायचे असते, आणि त्यासाठी ऊर्जेतला फरक हजारात काही भाग इतकाच चालतो. शिवाय झोत बारीक हवा, कमी फाकणारा हवा आणि पुंजका आखूड हवा. म्हणजे 'किती ऊर्जा?' हा पाच-सहा प्रश्नांपैकी फक्त पहिला प्रश्न झाला.

२००४ : शिखर दिसले, रुंदी कोणाची?

सप्टेंबर २००४ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्समधल्या तीन गटांचे निबंध आले. त्याआधी अशा प्रयोगांतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत सर्वत्र पसरलेली असे. या तिन्ही गटांना वर्णपटात प्रथमच स्पष्ट शिखर दिसले. म्हणजे बरेचसे इलेक्ट्रॉन जवळपास एकाच ऊर्जेचे होते. अंकाच्या मुखपृष्ठाने त्याला स्वप्नातला झोत म्हटले.

पण मापनाकडे पाहा. फ्रेंच गटाचे शिखर १७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टवर होते आणि त्याची रुंदी २४ टक्के होती. ही रुंदी वर्णपटमापकाच्या विभेदनक्षमतेइतकीच असल्याचे त्या निबंधातच नोंदवले आहे. म्हणजे २४ टक्के हा आकडा झोताचा नसून मापकाचा होता. झोताचा प्रसार त्यापेक्षा कमी असणार, पण किती कमी ते त्या उपकरणाने सांगता येत नव्हते. लेखकांनी हे प्रामाणिकपणे लिहिले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. लोकप्रिय लिखाणात मात्र ऊर्जेचा आकडा शिल्लक राहतो आणि त्याच्या शेजारची ही ओळ गळते. मिलिमीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजून 'एक मिलिमीटरपेक्षा कमी' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देतो. 'एक मिलिमीटर' लिहिणाऱ्याला देत नाही. तोच न्याय इथे लावावा.

वर्णपटमापकाची मूळ रचना साधी आहे. झोत चुंबकीय क्षेत्रातून नेतात. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी वळतात, कमी ऊर्जेचे जास्त, आणि पुढच्या चकाकणाऱ्या पडद्यावर त्यांच्या जागा कॅमेरा टिपतो. पण चुंबकात शिरतानाच झोत थोडा तिरका असेल, तर पडद्यावरची जागा बदलते आणि कोनातला फरक ऊर्जेतला फरक म्हणून वाचला जातो. म्हणून झोताची दिशा वेगळी मोजावी लागते, विद्युतभार वेगळा मोजावा लागतो. लांबी मोजणे तर फारच जिकिरीचे. २०११ साली फ्रान्समधल्या एका प्रयोगात पुंजक्याची लांबी काही फेम्टोसेकंद एवढीच असल्याचे दिसून आले. एका फेम्टोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो. एवढ्या कमी वेळासाठी घड्याळ नाही. म्हणून झोत पातळ पत्र्यातून जाताना जे प्रारण बाहेर पडते, त्याच्या वर्णपटावरून लांबीचा हिशेब करावा लागतो.

चालत्या गाडीत कोण, कुठे चढतो?

ऊर्जा एकसारखी का येत नाही, याचे कारणही लोकप्रिय लेखांत क्वचितच सापडते. प्लाझ्मातली लाट ही चालत्या लोकलसारखी आहे. सरसकट कोणीही, कुठूनही उडी मारून चढले, तर कोणी तीन स्टेशनांचा प्रवास करील, कोणी एका स्टेशनाचा. सुरुवातीच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन असेच आपोआप लाटेत शिरत. तीव्रतेत किंवा घनतेत किंचित फरक पडला की चढण्याची जागा बदले आणि मिळणारी ऊर्जाही बदले. २००६ साली फ्रेंच गटाने समोरून दुसरा लेसर स्पंद आणून, दोन्ही स्पंद भेटतील तिथेच इलेक्ट्रॉन लाटेत शिरतील अशी व्यवस्था केली. जणू एकच फलाट नेमून दिला. वायूच्या घनतेला मुद्दाम उतार देणे, किंवा हलक्या वायूत थोडा नायट्रोजन मिसळणे, हेही याच हेतूचे उपाय आहेत.

अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेचे विक्रम नेहमी सांगितले जातात : २००६ साली ३.३ सेंटिमीटरमध्ये १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, २०१४ साली ९ सेंटिमीटरमध्ये ४.२ अब्ज, २०१९ साली २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज. २०२४ सालच्या निबंधासाठी '१० अब्ज' हा आकडा रूढ झाला. प्रत्यक्षात ३० सेंटिमीटरच्या प्लाझ्मातून मिळालेल्या पुंजक्यांची ऊर्जा ९.२ अब्जांपर्यंत होती आणि त्यांचा काही भाग १० अब्जांच्या पलीकडे गेला होता. आमच्या मते त्या निबंधातली जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इलेक्ट्रॉन कुठे शिरावेत यावर त्या गटाने नियंत्रण मिळवले आणि नको असलेले इलेक्ट्रॉन टाळले. निबंधाच्या शीर्षकातही नियंत्रणाचा उल्लेख आहे. बातम्या मात्र विक्रमाच्या आकड्यावर थांबतात.

कमाल आणि सरासरी

२०२१ साली शांघायच्या गटाचा निबंध 'नेचर'मध्ये आला. लेसर-प्लाझ्मा वेगवर्धकातून निघालेल्या झोताने अनड्युलेटरमध्ये २७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिला आणि तो घातांकी प्रमाणात वाढत गेला. तीनपैकी शेवटच्या अनड्युलेटरमध्ये ही वाढ सुमारे शंभरपट झाली. झोतातला ऊर्जेचा फरक अर्ध्या टक्क्याच्या घरात आणल्याशिवाय हे घडले नसते. हा निबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही.

तरीही त्याचा सारांश बारकाईने वाचावा. फोटॉनांची संख्या, प्रकाशाची ऊर्जा (सुमारे १५० नॅनोजूल) आणि वाढीचा गुणक, हे तिन्ही आकडे 'कमाल' म्हणून दिलेले आहेत. एखादी गोष्ट शक्य आहे हे सिद्ध करायला कमाल मूल्य पुरते. पण इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर प्रयोगासाठी जाणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला किंवा जीवशास्त्रज्ञाला कमाल मूल्याचा उपयोग नसतो. त्याला तासन्‌तास तोच रंग, तीच दिशा आणि तीच तीव्रता हवी असते. साठवण वलयात ऊर्जेचा फरक साधारण ०.१ टक्का असतो आणि झोत फिरतच राहतो. लेसर-प्लाझ्मा यंत्रे बहुधा सेकंदाला एक ते दहा स्पंद देतात, तर युरोपियन एक्स-रे लेसरची क्षमता सेकंदाला २७,००० स्पंदांची आहे. शिवाय 'टेबलावरच्या' यंत्रात नळी टेबलावर असली तरी तिला लागणाऱ्या लेसरला दालन लागते आणि किरणोत्सर्ग अडवायला काँक्रीटच्या भिंतीही लागतात.

या कसोटीवर आम्हाला सर्वांत आवडलेला निबंध हॅम्बुर्गच्या गटाचा, २०२० सालचा आहे. त्यात विक्रम नाही. त्यांनी सेकंदाला एक स्पंद या गतीने, दिवसभराहून अधिक काळ, सलग १,००,००० झोत निर्माण केले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. चांगले निवडले नाहीत, वाईट वगळले नाहीत. त्याच वेळी लेसरची ऊर्जा, दिशा, नाभीची जागा हेही मोजले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर असे दिसले, की जी चंचलता प्लाझ्माच्या लहरीपणाची वाटत होती, तिचा बराच भाग लेसरमधल्या बारीक फरकांमधून येत होता. कारण कळले की उपाय करता येतो. २०२५ साली हॅम्बुर्गमधूनच पुढचे पाऊल पडले. प्लाझ्मातून बाहेर आलेला पुंजका आधी चुंबकांनी लांबवून, मग नेहमीच्या रेडिओलहरींच्या पोकळीत त्याची ऊर्जा सारखी केली गेली. ऊर्जेचा प्रसार १८ पटींनी आणि झोता-झोतांतला फरक ७२ पटींनी कमी झाला. दोन्ही आकडे ०.१ टक्क्याच्या पातळीवर आले. जुन्या तंत्राची जागा नवे तंत्र घेणार, असे आपण वाचत आलो. इथे नव्याला शिस्त लावायला जुनेच उपयोगी पडले.

लहान विद्यापीठांना स्वतःचा क्ष-किरण स्रोत मिळावा ही आशा खरी आहे, आणि म्हणूनच तिची मोजदाद नीट व्हायला हवी. केवळ विक्रम सांगत राहिलो, तर काम झालेच आहे असा समज होतो आणि खऱ्या मेहनतीला कोणी विचारत नाही.

वर्गात करण्याजोगे

उतरणीवरून गोटी सोडा आणि ती टेबलाच्या कडेवरून खाली पडेल तिथे पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवा. प्रथम गोटी बोटांनी सोडून २० वेळा प्रयोग करा आणि ठिपक्यांचा पसारा मोजा. मग गोटी पट्टीमागे अडवून, पट्टी चटकन उचलून पुन्हा २० वेळा करा. पसारा कमी होईल. दर वेळी सुटण्याची जागा आणि पद्धत नेमकी ठरवली, एवढाच त्यात बदल आहे. एका गटाला फक्त सर्वांत लांब पडलेला ठिपका सांगू द्या, दुसऱ्याला सरासरी आणि पसारा. मग वर्गाला विचारा : खाली वाटी ठेवून गोटी तिच्यात पाडायची असेल, तर कोणत्या गटाची माहिती उपयोगी पडेल?