फितूर नसलेला डाव

सोंगट्यांचा किंवा बुद्धिबळाचा पट मांडला की शत्रू कोण, हे रंगावरूनच कळते. त्या खेळांत चातुर्याची परीक्षा होते, विश्वासाची होत नाही. सर्ज लाजे आणि ब्रुनो काताला या फ्रेंच रचनाकारांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’ हा खेळ नेमकी ही दुसरी परीक्षा घेतो.

तीन ते सात खेळाडू आर्थर राजाच्या गोलमेजाचे सरदार होतात व सर्वांनी मिळून कॅमेलॉटचे रक्षण करावयाचे असते. मोहीम साधली की मेजावर पांढऱ्या तलवारी येतात, फसली की काळ्या. बारा तलवारी झाल्यावर पांढऱ्यांचे बहुमत असेल तरच जय; तत्पूर्वी गडाभोवती वेढ्याची बारा यंत्रे उभी राहिली तर सारेच बुडाले.

आरंभी प्रत्येकाला निष्ठेचे एक पान गुप्तपणे मिळते. अशी पाने आठ. सात एकनिष्ठांची, एक फितुराचे. खेळाडू अधिकांत अधिक सात, म्हणजे एक तरी पान न वाटलेले उरतेच, आणि ते कोणते हे कोणालाच ठाऊक नसते. आम्ही पाच मित्र खेळतो तेव्हा तीन पाने उरतात. सरासरीने आठांतील तीन डावांत फितूर असतच नाही. या खेळाचे मर्म मला त्या उरलेल्या पानांत दिसते.

दुसरा नियमही असाच मार्मिक. प्रत्येक सरदाराने आपल्या पाळीत प्रथम एक अनिष्ट पत्करावयाचे: काळे पान उचलावे, एक यंत्र वाढवावे, किंवा आपल्या आयुष्याचा एक अंश गमवावा. सत्कृत्य त्यानंतर. सज्जनाच्या हातूनही दर पाळीस हानी घडते. तेव्हा हानीवरून हेतू सिद्ध होत नाही. फौजदारी कायद्याचा विद्यार्थी हा भेद आरंभीच शिकतो. पटावर बसल्यावर तो किती सहज विसरतो, याचा दाखला मी स्वतःच आहे.

गेल्या चवथीच्या सुटीत आमच्यातील एका निवृत्त गुरुजींनी लागोपाठ दोन पाळ्यांत यंत्र वाढविले. स्वभावाने ते मितभाषी. मेजावर सहा तलवारी आल्या की आरोपाची मुभा मिळते. ती मिळताच मी त्यांचे मौन आणि ती दोन यंत्रे यांची साखळी जोडली, न्यायालयात शोभावे असे भाषण केले आणि आरोप ठेवला. गुरुजींनी शांतपणे पान उलटले. ते एकनिष्ठ होते. नियमाप्रमाणे एक पांढरी तलवार काळी झाली. डाव संपला तेव्हा सहा पांढऱ्या आणि सहा काळ्या; बहुमत नाही, म्हणून पराजय. उरलेली तीन पाने पाहिली, तर फितूर त्यांतच निपचित पडलेला.

“आयुष्याचा एकच अंश उरला होता, वकीलसाहेब. आणि काळे पान उचलले असते तर ग्रेलची मोहीम बुडण्याची भीती होती. तिसरा मार्ग कोणता?” गुरुजी एवढेच म्हणाले. तो अंश त्यांच्या फाशावर सर्वांसमोर दिसत होता. मी पाहिला नव्हता.

महाभारतातील शल्याने कर्णाचे सारथ्य केले आणि युधिष्ठिराला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याचा तेजोभंगही केला. आमच्या डावात शल्याचे काम कोणी केले? मी; आणि तेही पूर्ण निष्ठेने.

खेळात दोष आहेत. आरोप होताच पान उलटते. आरोपीचे म्हणणे ऐकण्याची पायरी नियमांत नाही. शेवटपर्यंत न ओळखलेला फितूर दोन पांढऱ्या तलवारी काळ्या करतो. त्यामुळे साळसूदपणे गप्प राहणेच त्याला अनेकदा लाभाचे ठरते आणि उत्तरार्धात त्याची भूमिका फिकी पडते. परंतु चुकीच्या आरोपाची किंमत वसूल करणारा नियम मोलाचा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २११ आणि तिच्या जागी २०२४ साली आलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २४८ खोट्या आरोपाला शिक्षा सांगतात, ती तो जाणूनबुजून, इजा करण्याच्या हेतूने केला असेल तर. प्रामाणिक चुकीला तेथे शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. हा खेळ मात्र प्रामाणिक चुकीचेही मोल मागतो. आणि व्यवहारातही ते कोणाला तरी मोजावेच लागते.

देवस्थानाच्या समितीत वा भावाभावांत हिशेब जुळेना झाला की आपण झारीतील शुक्राचार्य शोधू लागतो. झारी रिकामी असू शकते, हे ध्यानात येण्याआधीच दर्भ कोणाच्या तरी डोळ्यांत गेलेला असतो.

पुढच्या बैठकीस पट गुरुजींनीच मांडला. निष्ठेची पाने पिसली, आणि कापण्यासाठी माझ्यापुढे ठेवली.