द्राक्षमळ्यांतला शांत रस्ता आणि 'शेवटचा तास'

प्रवासवर्णनांमध्ये सायकलीवरून केलेल्या प्रवासाचे वर्णन मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटत आले आहे. मोटारीतला प्रवासी गावे नुसती ओलांडतो. सायकलस्वाराला चढ पोटऱ्यांत कळतो, उतार कानाशी वाजतो, आणि वेशीवरची पाटी पुरती वाचून होईपर्यंत ती त्याच्या डोळ्यांसमोर राहते. पाटी वाचता येणे ही साधी गोष्ट नव्हे, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने हिंडल्याची वर्णने अलीकडे पुष्कळ लिहिली जातात. त्यांचा साचा ठरून गेला आहे. सकाळचे धुके, टेकडीवर चढत गेलेल्या वेलींच्या ओळी, चर्चची घंटा, रहदारी नसलेला रस्ता, संध्याकाळी तळघरातल्या पिंपांजवळ हाती आलेला पेला. आणि या सगळ्यावर एकच विशेषण, 'शांत'. प्रस्तुत लेखात मला या एका विशेषणाचीच तपासणी करायची आहे. मी त्या रस्त्यावर कधी गेलेलो नाही. माझा प्रवास पुस्तकांतला आणि नकाशावरचा. पण शांत म्हटल्या जाणाऱ्या रस्त्याखाली काय पुरलेले असते, हे समजायला सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

उदाहरण अल्सासचे घेऊ. पश्चिमेला व्हॉज पर्वत, पूर्वेला ऱ्हाईन नदी, आणि डोंगराच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण पसरलेले मळे. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा 'द्राक्षमार्ग' १९५३ साली रीतसर सुरू झाला. सायकलस्वारांसाठी मळेवाल्यांच्या गाडीवाटांवरून वेगळा मार्गही आखलेला आहे. रिकवीरसारख्या गावातली लाकडी चौकटींची जुनी घरे पाहून लेखक हरखून जातात. जवळच्याच बेनवीरमध्ये घरे एकाएकी नवी दिसू लागतात. बहुतेक वर्णनांत या बदलाची नोंद नसते, असली तरी 'हे गाव तितकेसे चित्रमय नाही' एवढीच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमार शहराभोवती जी लढाई झाली, तिच्यात बेनवीर जवळजवळ सगळे जमीनदोस्त झाले, रिकवीर वाचले. म्हणजे जे सुंदर म्हणून मिरवते, ते केवळ नशिबाने उरलेले. युद्ध संपल्यानंतर आठच वर्षांनी हा मार्ग आखला गेला. ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. माणसांनी ती ढिगाऱ्यांवर माती घालून, पुन्हा वेली लावून तयार केली आहे.

याच मुलखाच्या काठाने १९०० साली एक विनोदी पुस्तक सायकलवरून गेले. जेरोम के. जेरोम यांचे 'थ्री मेन ऑन द बमेल'. तीन इंग्रज मित्र जर्मनीतून भटकत ऱ्हाईनपाशी येतात. अल्सास तेव्हा जर्मन साम्राज्यात होता. नदीकाठच्या ब्रायझाख या किल्ल्याच्या गावाबद्दल जेरोम यांनी जो परिच्छेद लिहिला आहे, तो वाचताना हसू येते आणि मग थांबते. कोणी ना कोणी हे गाव सतत जिंकत आणि हरत राहिल्याने, आपण नक्की कोण आहोत हे तिथल्या रहिवाशाला कधी कळलेच नसावे, असा त्या विनोदाचा आशय आहे. जेरोम पाहुणे होते, त्यांना विनोद सुचला. परंतु त्यांच्या सायकलीचा वेग इतका कमी होता, की ती जखम त्यांना निदान दिसली. आजच्या कितीतरी गंभीर प्रवासलेखकांना ती दिसत नाही.

दुसरे पुस्तक रोलां बार्थ यांचे 'मिथॉलॉजीज' (१९५७). त्यात 'टूर द फ्रान्स' या सायकलशर्यतीवर एक निबंध आहे आणि वाईनवर दुसरा. पहिल्यात बार्थ शर्यतीला महाकाव्य मानतात. स्वार हे वीर आणि डोंगर ही जिवंत पात्रे होतात. एकट्या, निवांत सायकलस्वाराचे लेखन याच्या नेमके उलट टोकाचे. त्याला वीर व्हायचे नसते, कोणाला हरवायचे नसते. मला वाटते, त्याचा गोडवा इथेच आहे आणि धोकाही. महाकाव्यात निदान मेलेल्यांची मोजदाद होते. भावगीताला तेवढीही गरज वाटत नाही.

वाईनवरच्या निबंधात बार्थ आधी दाखवतात, की वाईन हे फ्रेंच माणसाचे केवळ पेय नाही, ते त्याचे कुलचिन्ह आहे. मग शेवटाकडे ते अचानक अल्जेरियाकडे वळतात. तिथे मुसलमान शेतकऱ्याच्या जमिनीवर, त्याला स्वतःला ज्याचा काही उपयोग नाही असे पीक काढले जाते आणि त्याच्या पोटाला मात्र भाकरी कमी पडते, याची ते आठवण देतात. निबंधाचा हा शेवट मी पुन्हा वाचला तो अल्सासचा नकाशा पुढ्यात ठेवून. बेनवीरशेजारच्या सिगोल्सहाइम गावावरच्या टेकडीवर, मळ्यांच्या मधोमध, फ्रेंच सैनिकांचे स्मशान आहे. कबरी दीड हजारांहून अधिक, आणि त्यांत पुष्कळ उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान शिपायांच्या. ज्यांच्या मुलखात द्राक्षे लादली गेली, त्यांची मुले फ्रान्ससाठी लढून द्राक्षांच्याच वेलींमध्ये कायमची झोपली. तिथे उतरून सायकल भिंतीला टेकवणारा आणि नावे वाचणारा लेखक मला भेटला, तर त्याने 'शांत' हा शब्द वापरायला माझी हरकत नाही.

आता ज्या कथेसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. आल्फोंस दोदे यांची 'शेवटचा तास' ही कथा त्यांच्या १८७३ सालच्या संग्रहात आहे. आपल्याकडे एनसीईआरटीच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द लास्ट लेसन' म्हणून आहे, त्यामुळे अनेक घरांत ती पोचली आहे. १८७१ मध्ये अल्सास जर्मनीकडे गेला, शाळेत यापुढे जर्मनच शिकवायचे असा हुकूम आला, आणि चाळीस वर्षे फ्रेंच शिकवणारे मस्यो हामेल आपला शेवटचा तास घेत आहेत. मागच्या बाकांवर गावातली म्हातारी माणसे येऊन बसली आहेत. छोट्या फ्रान्झला पहिल्यांदाच व्याकरण समजू लागते. कथेची बांधणी इतकी नेटकी आहे, की एकही वाक्य काढता येत नाही. बदली तास आला की मी ही कथा मराठीत सांगत असे. सांगताना आवाज जड होई. ऐकणारी मुले आणि सांगणारा मी, सगळेच फ्रान्झ होत असू.

एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, फ्रान्झची आई घरी कोणती भाषा बोलायची?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "फ्रेंच." तो मुलगा कानडी घरातला, आमच्या मराठी शाळेत शिकणारा. तो "बरं" म्हणून खाली बसला.

माझे उत्तर बहुधा चूक होते. त्या काळी अल्सासच्या खेड्यांतले बहुसंख्य लोक घरी अल्सासी बोलत आणि ती जर्मन कुळातली बोली आहे. फ्रान्झ, हाउझर, वाख्टर ही कथेतली नावेच ते सांगतात. फ्रान्झच्या घरी कोणती भाषा बोलत, याविषयी दोदे मात्र चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्या कथेचे सगळे बळ या मौनावर उभे आहे. आणखी एक गोष्ट. भाषा जपणाऱ्या गुलाम लोकांच्या हाती तुरुंगाची किल्ली असते, हे हामेल यांचे गाजलेले वाक्य मुळात फ्रेदेरिक मिस्त्राल यांच्या कवितेतून आले आहे आणि दोदे यांनी तळटीपेत तसे नोंदवलेही आहे. मिस्त्राल हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्साल भाषेचे कवी. ज्या फ्रेंचपुढे त्यांची भाषा शाळेतून हाकलली जात होती, त्याच फ्रेंचच्या बचावासाठी त्यांची उपमा वापरली गेली. दोदे स्वतः दक्षिणेतल्या नीमचे. त्यांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. पराभवाच्या दुःखात ते त्यांना नजरेआड करावेसे वाटले असेल.

पुढे काय झाले? १९१८ नंतर फ्रेंच परत आले. १९४० मध्ये नाझींनी फ्रेंचवर बंदी घातली. युद्ध संपल्यावर अल्सासी बोलणे शाळेत गुन्हा ठरले. स्ट्रासबुर्गचे चित्रकार-लेखक टोमी उंगेरर यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत (१९९१) दोन्ही राजवटी अनुभवलेल्या मुलाची गोष्ट सांगितली आहे, आणि तिला गोड करण्याचा प्रयत्न केलेला नाही. शेवटचा तास एकच नव्हता. तो दर पिढीला वेगवेगळ्या भाषेत घेतला गेला आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकांवर वेगळी म्हातारी माणसे बसली होती. १९९० च्या दशकापासून तिथे फ्रेंच आणि जर्मन निम्मे-निम्मे शिकवणारे वर्ग सुरू झाले, स्ट्रासबुर्गच्या रस्त्यांवर फ्रेंचखाली अल्सासी नावे लागली. त्याच दशकाच्या आरंभी, १९९२ साली, प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच हे कलमही फ्रान्सच्या घटनेत आले. पाट्यांची गोष्ट तिथेही इतक्यात संपायची नाही.

यावरून दोदे यांची कथा शिकवू नये असे कोणी समजू नये. मी ती पुढेही सांगणार आहे. आपल्या भाषेवर प्रेम करावे हे ती शिकवते आणि आपल्याला त्याची गरज आहे. पण १९५६ पासून आपण जी वेदना बाळगून आहोत, तिने आपले कान एकाच बाजूला लागलेले राहिले असतील, तर वाचक म्हणून आपण उणे ठरतो. आपल्या वर्गातही कोणाची तरी आई वेगळ्या भाषेत हाक मारते, हे ऐकू आल्याने मराठी कमी होत नाही.

चांगला सायकलस्वार वेशीवरची पाटी दोन्ही भाषांत वाचतो, मगच पॅडल मारतो. मला ते जमायला बरीच वर्षे लागली. तो मुलगा शाळा सोडून केव्हाच पुढे गेला. त्याला दिलेले उत्तर दुरुस्त करायचे राहून गेले होते, ते आज इथे केले.