विडंबन आणि मालकी हक्क

मार्गारेट मिचेल यांनी ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) या कादंबरीत अमेरिकेतील गुलामगिरीचा काळ मळेमालकांच्या नजरेतून रंगविला. अ‍ॅलिस रँडल यांच्या ‘द विंड डन गॉन’मध्ये (२००१) तोच काळ मूळ नायिकेची सावत्र बहीण, जन्माने गुलाम असलेली सिनारा, आपल्या रोजनिशीत सांगते. कॉपीराइटभंगाच्या दाव्यावरून न्यायालयाने प्रकाशन रोखले. मे २००१ मध्ये अपील न्यायालयाने मनाई उठविली. रोजनिशी कलादृष्ट्या विस्कळीत आहे. तरी निकाल योग्यच. ती पात्रे घेतल्याशिवाय मूळ कृतीला उत्तर देणे शक्यच नव्हते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका-समीक्षेला सूट देते, पण विडंबनाचे नाव घेत नाही. ज्याच्यावर टीका करायची त्याचीच परवानगी लागली, तर दुर्बलांचे उत्तर छापणार कोण? साहित्याच्या अध्यापकांनी हा प्रश्न केवळ वकिलांवर सोडू नये.