कोलंबियात काय मिळालं, काय नाही

शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांतले शिक्षक आणि विद्यार्थी समोर बसलेत, म्हणून पाल्हाळ न लावता मुद्द्याला हात घालतो. एप्रिल महिना आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. बाबासाहेब अमेरिकेला गेले आणि समतेचा विचार घेऊन आले. म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. पण त्यात एक गोम आहे. समता म्हणजे जणू बोटीवर चढवून आणलेला माल! मग विरोधक तेच वाक्य उलटं फिरवतो : हा विचार इथला नाहीच, बाहेरून आणलाय. तेव्हा हे वाक्य एकदा तपासायला हवं, आणि तपासायचं तर त्यांचं लिखाण समोर ठेवून.

जुलै १९१३मध्ये, बावीस वर्षांचे असताना, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोचले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. हा निबंध पहिल्यांदा वाचणाऱ्याची बहुधा निराशा होते. आग शोधायला जावं तर हाताला लागतो थंड डोक्यानं लिहिलेला पेपर. अस्पृश्यतेवर त्यात जवळजवळ काहीच नाही. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. साताऱ्याहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेला आणि वाटेत पाण्याला महाग झालेला मुलगा त्यात कुठेच दिसत नाही.

आहे काय, तर जातीचं यंत्र उघडून आतली चाकं दाखवली आहेत. जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ही मर्यादा टिकवायची तर नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या प्रश्नावर शोधलेली उत्तरं. पंचविशीतल्या माणसानं १९१६ साली जात आणि बाईवरची सक्ती एका धाग्यात ओवली! निबंधातला टिकाऊ भाग हाच, असं माझं मत आहे. ब्राह्मणांनी आधी दार लावून घेतलं आणि इतरांनी त्यांची नक्कल केली, हा भाग मला कच्चा वाटतो. नक्कल म्हटलं की जबरदस्ती दुय्यम ठरते. वीस वर्षांनी, १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नक्कल मागे पडते आणि शास्त्रांचा अधिकार हाच मुख्य प्रश्न बनतो. हा बदल कुठल्या ग्रंथालयात झाला नाही. मधे महाड घडलं होतं.

याच निबंधात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा आदरानं उल्लेख येतो. आपले ज्ञानकोशकार. त्यांचं ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ १९०९चं, कॉर्नेलची डॉक्टरेट १९११ची. आता बघा, देश तोच, न्यूयॉर्क राज्यही तेच, विषय तोच, दोघेही मराठी. मधे अंतर जेमतेम काही वर्षांचं. एक जण परतून ज्ञानकोशाच्या डोंगराएवढ्या कामाला लागला, दुसरा चवदार तळ्यावर गेला. केतकर काही सोवळे नव्हते बरं का, परदेशी ज्यू बाईशी लग्न केलेला माणूस! परदेशी विद्यापीठच समता देत असतं तर दोघांची वाट इतकी वेगळी झाली नसती. शिवाय केतकरांचा एक इशारा आंबेडकरांनी निबंधात उद्धृत केलाय : हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालावी लागली. परदेशी जाणारा आपली जात सामानात बांधून नेऊ शकतो, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

मग कोलंबियानं दिलं तरी काय? एक तर विसर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये ते सांगतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७मध्ये बडोद्याला नोकरीसाठी उतरले तेव्हा प्रश्न पडला, आता राहायचं कुठे? पारशी सरायीत उतरले आणि तिथूनही हाकलले गेले. हा विसर मला फार मोलाचा वाटतो. जे कायम सोसावं लागतं ते माणसाला हळूहळू नैसर्गिक वाटू लागतं. चार वर्षं ते ओझं उतरलं, म्हणून परत खांद्यावर आलं तेव्हा ते ओझं आहे हे स्वच्छ दिसलं.

दुसरी देणगी जॉन ड्यूई या गुरूंची. लोकशाही म्हणजे केवळ मतदान नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हे ड्यूईंचं सूत्र. त्यासाठी त्यांनी शब्द वापरला ‘एंडॉस्मॉसिस’. आपण रात्री वाल भिजत घालतो, सकाळी ते टम्म फुगतात. पाणी सालीतून आत गेलेलं असतं. समाजातल्या गटागटांमध्ये असा पाझर हवा. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे आंबेडकरांनी हाच शब्द वापरला आहे.

पण काही दाणे कितीही भिजवा, टणकच राहतात. ड्यूईंचा भरवसा शाळेवर आणि संवादावर. आंबेडकर विचारतात, साल शास्त्रानंच बंद केलेली असेल तर? इथे शिष्य गुरूच्या पुढे जातो, आणि ते पाऊल कोलंबियाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ती अमेरिका तरी समतेची कुठे होती! ते पोचले त्याच १९१३ साली विल्सन सरकारच्या कचेऱ्यांमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवणं वाढत होतं. उलट महात्मा फुले कधी समुद्र ओलांडून गेले नाहीत, पण १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. आणि ३ ऑक्टोबर १९५४ला आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली आहेत. हे विधान शब्दशः इतिहास म्हणून घेऊ नये. १९२७ला महाडला त्यांनीच फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. तत्त्वाचा मालक कोण, याबद्दलचा तो निर्णय आहे.

आता तुमच्या दोन तालुक्यांकडे येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही योजना आहे. इथली मुलं जाऊ देत, जरूर जाऊ देत. पण त्या पाझराची कसोटी इथेच लावून बघा. कातकरी वाडी गावाच्या कडेला. दिवाळी सरली की बिऱ्हाड वीटभट्टीवर. मुलाचं नाव शाळेच्या पटावर आणि मूल भट्टीवर. तानसा, भातसा याच शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट. महाडचा आणि हा प्रश्न एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिथे स्पर्शाची बंदी होती, इथे कागदोपत्री कुणालाच बंदी नाही. पण साउथबरो कमिटीपुढचा त्यांचा युक्तिवाद आठवा : जे गट एरवी एकत्र येतच नाहीत, ते निदान कायदेमंडळात तरी शेजारी बसतील, म्हणून प्रतिनिधित्व हवं. तेव्हा पाण्याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे पाड्यावरचं कोण बसलेलं असतं, हे तुम्हीच मला सांगा. प्रश्नोत्तरांना आपल्याकडे अर्धा तास आहे.